गावाची राखण आणि शाळा

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाची राखण हा विषय निघाला की शिक्षकवर्गास तो आपला वाटत नाही. चोर पकडणे हे पोलिसांचे काम, तंटा मिटविणे हे पंचायतीचे आणि मुलांना शिकविणे हे शाळेचे, अशी वाटणी मनात पक्की बसलेली असते. कागदावर ही वाटणी ठीक आहे. परंतु गावात एखादी भलतीच बातमी पसरते तेव्हा तिचा पहिला परिणाम कोठे दिसतो? शाळेच्या हजेरीपटावर. ‘पोरे पळविणारी टोळी फिरते आहे’ अशी आवई उठली की दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे राहतात. जी मुले येतात त्यांना नेण्यासाठी आया दुपारपासूनच फाटकाशी येऊन उभ्या राहतात. पोलीस ठाण्याच्या दप्तरात त्या आवईची नोंद होण्याच्या पुष्कळ आधी शिक्षकास ती कळलेली असते. प्रश्न एवढाच की, ती कळल्यावर तिचे पुढे काय होते.

पूर्वी गावाची राखण गावच करीत असे, ही गोष्ट जुन्या दप्तरांवरून सर्वांस ठाऊक आहे. पाटील, त्याच्या हाताखालचा जागल्या, वेशीवरचा वेसकर, देशावर रामोशी अशी ती व्यवस्था होती. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढीत जात. तो माग ज्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचे, त्या गावाने तो पुढे दाखवावा, न दाखविता आल्यास नुकसान भरून द्यावे, असा रिवाज होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. राखणीचा भार ज्या जातींच्या माथी होता, संशयही प्रथम त्यांच्यावरच येत असे. इंग्रजी अमलात तर १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. तथापि त्या जुन्या रीतीत एक गोष्ट खरी होती. राखण करणारा आणि ज्याची राखण करावयाची तो, हे एकमेकांस तोंडओळखीने जाणत होते. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेच्या बंधनातून सोडवून नेमणुकीचे केले, तेही याच हेतूने की सरकारी पोलीस आणि गाव यांच्यामध्ये गावातलाच एक ओळखीचा माणूस असावा.

आता ज्या ठिकाणी गावच गाव राहिले नाही, तेथे काय होते ते पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ठाणे तालुक्याच्याच पश्चिम टोकास मिरा-भाईंदर आहे. एका बाजूस वसईची खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र, मध्ये मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे, अशी ही गावे होती. नवघर, काशी, मिरे, घोडबंदर, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही नावे आजही बसच्या पाटीवर दिसतात. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११ साली ती ८ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे आली, म्हणजे एक मोठे शहरच येऊन वसले. ही माणसे कोकणातून आली, देशावरून आली, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार येथून आली. कोणी सदनिका विकत घेतली, कोणी भाड्याने राहिला, कोणी बांधकामावरच पत्र्याच्या आडोशाला संसार मांडला. आणि इतक्या सगळ्यांच्या राखणीची व्यवस्था २०२० पर्यंत ठाणे ग्रामीण पोलीस दलाकडे होती, ‘ग्रामीण’ हे नाव आणि आठ लाखांचे शहर! १ ऑक्टोबर २०२० रोजी मिरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले व सदानंद दाते हे त्याचे पहिले आयुक्त झाले.

हा बदल आवश्यकच होता. परंतु आयुक्तालय झाले म्हणजे ओळख झाली असे नव्हे, हे सांगण्यासाठीच या शहराचे उदाहरण येथे घेतले आहे. जे मिरा-भाईंदरात घडले ते भिवंडी तालुक्यातील काल्हेर, पूर्णा, माणकोली यांच्या आसपास गोदामांच्या रूपाने घडून गेले आहे. कल्याण-अंबरनाथच्या खेड्यांतही आज तेच चालू आहे. ज्या शिक्षकाची शाळा आज शेताच्या बांधाशी आहे, त्याच्या पटावर उद्या वीटभट्टीवरील व इमारतीवरील मजुरांची मुले असणार आहेत. काहींच्या पटावर ती आजच आहेत.

अनोळखीपणातून दोन प्रकारची संकटे निर्माण होतात, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला प्रकार मिरा रोड येथेच दिसला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील काही इमारतींवर छापे घातले. अमेरिकेतील लोकांना दूरध्वनी करून, आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोत अशी बतावणी करून, अटकेची धमकी देऊन पैसे उकळण्याचा उद्योग तेथे चालला होता. शेकडो तरुण-तरुणी रात्रपाळीस येत आणि पहाटे परत जात. चांगल्या वस्तीतील, रहदारीच्या रस्त्यावरील इमारतींत हे चालले होते. शेजाऱ्यांना दिवे दिसत होते, माणसांची ये-जा दिसत होती. पण शहरात कोणी कोणास विचारीत नाही. विचारणे हा आगाऊपणा समजला जातो.

दुसरा प्रकार याहून फार भयंकर आहे. तेथे माणसे विचारतात, पण उत्तर ऐकून घेत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. हे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे लोक. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून भिक्षा मागणारे. मुले पळविणारी टोळी असल्याचा संशय त्यांच्यावर घेतला गेला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तेथेच जमावाने पाचही जणांना ठार मारले. ग्रामपंचायतीचे कार्यालय! ज्या खोलीत जन्ममृत्यूची नोंद होते, दाखले मिळतात, त्या खोलीत हे घडले. पुढे २०२४ साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. म्हणजे पाच घरे मंगळवेढ्याकडे उजाड झाली आणि सात घरे इकडे.

त्या वर्षी देशभर ही आवई कशी पसरली, याचा शोध घेतला तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. दुचाकीवरील दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे एक चलच्चित्र लाखो भ्रमणध्वनींवर फिरत होते. ते मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्यासाठी तयार केलेले बोधपर चित्र होते. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी तयार केलेली वस्तू एवढ्या एका कातरीने माणसे मारण्याचे निमित्त झाली. प्राथमिक शाळेत वाचन शिकविणाऱ्यांनी हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे. अर्धे वाक्य वाचून अर्थ लावू नये, हे इयत्ता दुसरीत सांगितले जाते. त्याची किंमत किती आहे हे मात्र तेथे दिसत नाही.

आणि हे धुळ्याकडे घडले, आपल्याकडे नव्हे, असे म्हणण्याची सोय नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार केले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. गडचिंचल्यातील आज चाळिशी ओलांडलेली माणसे ठाणे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या काळातली आहेत. त्या परिसरात चोर, मुले पळविणारे, शरीरातील अवयव काढून नेणारे फिरत आहेत, अशा आवया घटनेपूर्वी काही दिवसांपासून उठल्या होत्या. लोक रात्री जागून पहारे देत होते. पहारा देणे हा काही अपराध नाही. पण ज्याला पोलीस ठाण्यातील एकाही माणसाचे नाव ठाऊक नाही, ज्याच्या पोलीस पाटलाचे कोणी ऐकत नाही, त्या गावाचा पहारा एका रात्रीत जमाव होऊन बसतो. पोलीस तेथे पोहोचले होते, तरीही ते त्या तिघांस वाचवू शकले नाहीत. अनोळखी गणवेशाचा शब्द त्या क्षणी चालला नाही.

याच्या उलट काय होऊ शकते, त्याचे उदाहरणही ठाणे जिल्ह्यातच आहे, आणि ते जगाने घ्यावे असे आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली व ती मुंबई-ठाण्यापर्यंत पसरली. दोन्ही वेळा माणसे मेली, माग जळाले, हजारो कुटुंबे देशोधडीस लागली. भिवंडी म्हणजे दंगल, असे समीकरण वर्तमानपत्रांत रूढ झाले. अशा गावी १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले.

शांतता समित्या भिवंडीत तोपर्यंत नव्हत्या असे नाही. प्रत्येक ठाण्यात त्या होत्या. परंतु त्यांत बहुधा पुढारी मंडळी असत. सण जवळ आला किंवा तणाव दिसू लागला की त्यांना बोलाविणे जाई, चहा होई, दोन्ही बाजूंची भाषणे होत, ‘आम्ही सर्व भाऊभाऊ’ असा ठराव होई, आणि मंडळी घरी जात. ज्या गल्लीत दगड पडावयाचा त्या गल्लीतील माणूस त्या बैठकीस कधीच नसे. खोपडे यांनी ही रचना उलटी केली. शहराचे लहान लहान मोहल्ले पाडून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन करण्यात आल्या. त्यांत हिंदू व मुसलमान यांची संख्या बरोबरीची ठेवण्यात आली. मागावरचा कामगार, दुकानदार, शिक्षक, घरकाम करणारी स्त्री अशी साधी माणसे त्यांत घेतली गेली. आणि समितीची जबाबदारी कोणा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे न देता त्या भागात रोज फिरणाऱ्या कनिष्ठ पोलिसावर सोपविण्यात आली. हा मुद्दा लहान वाटतो, पण सारा अर्थ त्यात आहे. उपायुक्त बदलून जातो. मोहल्ल्यात रात्री दोन वाजता जो पोहोचतो तो शिपाईच असतो.

या समित्यांच्या बैठका धर्मावर व्याख्याने झाडण्यासाठी नव्हत्या. संकट नसताना, ठरलेल्या वेळी, मोहल्ल्यातच त्या भरत. विषय असत ते रोजचे: गटार, नळाची भांडणे, दारूचा अड्डा, मुलांमधील मारामारी, घरगुती तंटे. गटाराचा प्रश्न सोडविण्यासाठी पोलिसाने का बसावे, असे कोणी विचारील. गटारासाठी चार वेळा शेजारी बसलेली माणसे पाचव्या वेळी अफवा आली तर एकमेकांना विचारू शकतात, ‘हे खरे आहे काय?’ बस, एवढ्यासाठी. ज्याच्याशी कधी बोलणे झाले नाही त्याला हा प्रश्न विचारता येत नाही.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत दंगली उसळल्या. डिसेंबर व जानेवारी मिळून नऊशे माणसे मृत्युमुखी पडली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले आहे. साऱ्या देशाचे डोळे भिवंडीकडे लागले होते, कारण मुंबईत एक घडले तर भिवंडीत दहा घडेल अशी सर्वांची खात्री होती. भिवंडी शांत राहिली. खोपडे तोपर्यंत तेथून गेले होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या, आणि त्या आणीबाणीच्या रात्री समित्यांची माणसे व पोलीस मिळून मोहल्ल्यांत फिरत होते. या अनुभवाकडे पाहूनच १९९४ पासून मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम उभे राहिले. त्यात ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी पुढाकार घेतला. जपानात वस्तीवस्तीतून ‘कोबान’ नावाची लहान पोलीस चौकी असते व तेथील शिपाई घरोघर जाऊन चौकशी करून येतो, त्याचे कौतुक पुस्तकांतून वाचावयास मिळते. भिवंडीचा प्रयोग त्याहून अवघड होता, कारण जखमा ताज्या होत्या.

मात्र प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले आणि त्यानंतर दोन पोलिसांची निर्घृण हत्या झाली. १९९२ ची आग ज्यांनी अडविली त्यांच्याच शहरात चौदा वर्षांनी जमिनीच्या एका तुकड्यासाठी हे घडले. ओळख ही मिठागरासारखी आहे. बांध दर साल घालावा लागतो. मिरा-भाईंदरातही २१ जानेवारी २०२४ च्या रात्री, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी, नया नगर भागात वाहनांवरून निघालेल्या लोकांवर हल्ला झाला व पुढचे दोन-तीन दिवस शहर तणावाखाली राहिले. आयुक्तालय होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. इमारतींना पहारेकरी होते, रस्त्यांवर छायाचित्रण यंत्रे होती. यंत्राला घडलेले दिसते. घडण्याच्या आदल्या संध्याकाळी कोण काय बोलत होते, ते त्याला ऐकू येत नाही.

याच शहराच्या किनाऱ्यावर एक निराळी गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. उत्तन येथे सागरी पोलीस ठाणे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी समुद्रमार्गे आले, तेव्हापासून किनाऱ्यावरील राखणीत मच्छीमारांचे महत्त्व सर्वांस पटले. कोणती बोट कोणाची, कोणत्या गावची, या हंगामात ती येथे असावी की नसावी, हे कोळ्याला जितके कळते तितके कोणत्याही गस्ती नौकेस कळत नाही. तो परक्या बोटीवर धावून जात नाही. ती पाहतो आणि ठाण्यास कळवितो. पाहणे आणि कळविणे एवढेच त्याचे काम, पुढचे पोलिसांचे. राईनपाड्याच्या बाजारात नेमका हाच भेद विसरला गेला.

आता शाळेकडे यावयाचे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिक्षकाने पोलिसांचा खबऱ्या व्हावे, असे येथे कोणीही सुचवीत नाही. कोणाच्या घरी काय चालते हे मुलांकडून काढून घेऊन ठाण्यास पोहोचविणारा शिक्षक काही महिन्यांतच गावाचा विश्वास गमावील, आणि तो गमावणे योग्यच होईल. शिक्षकाची जागा पुलाची आहे. गावातील प्रत्येक घराशी त्याचा मुलामार्फत संबंध येतो. नव्याने आलेल्या मजुराचे घर गावाला परके असेल, पण त्याचे मूल पटावर आले की शिक्षकाला ते परके राहत नाही. बापाचे नाव, मूळ गाव, आधीची शाळा हे सर्व दाखलखारिज नोंदवहीत आलेले असते. हा माणूस कोण, असा प्रश्न पारावर निघाला तर ‘तो तिसरीतल्या अमक्याचा बाप’ हे उत्तर गावात एकटा शिक्षकच देऊ शकतो. भटक्या जमातींच्या मुलांना हंगामापुरते का होईना पटावर घेण्याचा जो आग्रह शासन धरते, त्याचा हाही एक उपयोग आहे. डवरी गोसाव्याचे पोर ज्या वर्गात चार महिने बसून गेले, त्या वर्गातील मुले डवरी गोसाव्याला चोर म्हणणार नाहीत.

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस स्थापना दिनानिमित्त शाळांना ठाण्यात बोलाविले जाते. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलास ध्वज प्रदान केला, त्याचा हा दिवस. मुले रांगेने जातात, बंदुका पाहतात, बेड्या हाताळतात, खाऊ घेतात आणि परत येतात. बंदूक पाहण्याची हौस मुलांना असतेच, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ठाण्यात शिरल्यावर प्रथम कोणाशी बोलावे, तक्रार लिहून घेतल्यावर तिची प्रत मोफत मिळते, ११२ हा क्रमांक फिरविला की पुढे काय घडते, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, ‘पोलीस दीदी’ म्हणजे कोण, हे कळल्यावाचून ती भेट संपू नये. ठाणे अंमलदार जेथे बसतो ते टेबल मुलांनी बंदुकीच्या आधी पाहिले पाहिजे. आणि जमल्यास बीट अंमलदारास शाळेत बोलवावे. भाषणासाठी नव्हे, पालकसभेस बसण्यासाठी. आयांनी त्याला एकदा पाहिलेले असावे, त्याने आयांना.

आवई उठते त्या दिवशी शाळा बंद ठेवू नये. बंद शाळा ही आवई खरी असल्याचा पुरावा म्हणून गावात घेतली जाते. मुख्याध्यापकाने ठाण्यास स्वतः विचारावे, पोलीस पाटलास बोलवावे, आणि जे उत्तर मिळाले ते फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना तोंडी सांगावे. फळ्यावरही लिहावे, वेळ घालून. शिक्षकांचे जे भ्रमणध्वनीवरील गट आहेत त्यांवर असा मजकूर एकाही शिक्षकाने पुढे धाडू नये. ‘खात्री करा’ असे वर लिहून धाडलेला मजकूरही शेवटी धाडलेलाच असतो. गुरुजींकडून आला म्हटल्यावर तो दुप्पट खरा होतो.

धोका नेहमी बाहेरच्या अनोळखी माणसाचाच असतो, या समजुतीतही शाळांनी राहू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप शाळेतीलच कर्मचाऱ्यावर होता. तक्रार नोंदली जाण्यास कित्येक तास लागले व त्याबद्दल पोलीस अधिकारी निलंबित झाले. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोकांनी दिवसभर रेल्वे रोखून धरली. ज्या पालकांना शाळेचे दार उघडे मिळाले नाही आणि ठाण्याचेही नाही, त्यांना रुळांखेरीज दुसरी जागा उरत नाही.

२०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या अधिनियमातील कलम १९ प्रत्येक शिक्षकाने वाचलेले असावे. असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविणे हे कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. न कळविल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखास ती अधिक आहे. शाळेचे नाव जाईल म्हणून आपसात मिटविणे, पालकांची समजूत घालणे, ‘चौकशी करून बघू’ म्हणत आठवडा काढणे यांस कायद्यात जागा नाही. याच कायद्याचे कलम २४ कमी लोकांना ठाऊक असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यावयाचा असतो, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि तेही गणवेश न घालता. रात्री मुलास ठाण्यात ठेवता येत नाही. भ्यालेल्या आईला हे सांगणारा कोणी तरी पाहिजे, आणि ती प्रथम येते ती बहुधा बाईंकडेच.

२०२२ पासून शाळाशाळांत सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा आदेश आहे. बदलापूरच्या प्रकारानंतर तक्रारपेटी, छायाचित्रण यंत्रे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांविषयी शासनाने पुन्हा बजावले. पुष्कळ शाळांत समितीची पाटी लागली आहे, पेटीही टांगली आहे. पेटीची किल्ली कोणाकडे असते, ती कधी उघडली गेली, उघडताना दुसरे कोण हजर होते, याची नोंद मात्र थोड्या ठिकाणी सापडते. ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी असू शकेल त्याच्याच खिशात किल्ली असली तर त्या पेटीत मुले चॉकलेटचे कागद टाकतील, चिठ्ठ्या टाकणार नाहीत. पहिली-दुसरीतील मुलाला चिठ्ठी लिहिताच येत नाही, हेही ध्यानात असावे. त्याच्यासाठी पेटी म्हणजे एखाद्या बाईंचा मोकळा पाच मिनिटांचा वेळ.

शेवटी बदल्यांविषयी. बीट अंमलदार दोन-तीन वर्षांत जातो, पोलीस निरीक्षक त्याहूनही लवकर, आणि त्यांच्याबरोबर जमलेली ओळखही जाते. नवा आला की त्याने शाळेत यावे ही वाट न पाहता मुख्याध्यापकाने पोलीस पाटलास बरोबर घेऊन एकदा ठाण्यात जाऊन यावे. शिक्षकांच्याही बदल्या होतात. कार्यभार सोपविताना जडवस्तूसंग्रह नोंदवही, शालेय पोषण आहाराचा साठा, किल्ल्या हे सर्व मोजून दिले-घेतले जाते. त्याच यादीच्या शेवटी एक पान असावे: बीट अंमलदाराचे व पोलीस पाटलाचे नाव आणि क्रमांक, सखी सावित्री समितीतील सदस्यांची नावे, वस्तीत त्या वर्षी नव्याने आलेली घरे, आणि त्यांतील कोणाचे मूल अजून पटावर आलेले नाही.